दादूस, तुझ्या गेममधला पाऊस

दादूस, तुझा दम्याचा पंप सापडत नव्हता. कीबोर्डच्या मागं नाय, फ्लॉपीच्या डब्यात नाय, तुझ्या शर्टाच्या खिशात नाय. तू खुर्चीतून अर्धा खाली आलेलास, छातीतून ती शिट्टी वाजत होती, ओठ निळे पडत चाललेले, आनि माझ्या एका हातात माझी तान्ही पोरगी, ती पन रडतेय. आय वाशीच्या मार्केटात गेलेली, बाबा खाडीत. मी एका हातानं उशी उचलतेय, गादी उचलतेय, तोंडानं नुसती बोलतेय, थांब दादूस, भेटतो, भेटतो. कम्प्युटर चालूच होता. तू हात वर केलास. स्क्रीनकडं केलास, का माझ्याकडं, का पोरीकडं, आमी सगळे एकाच बाजूला होतो. आनि बोललास, "ठेव."

एवढंच बोललास.

पंप खिडकीत होता, आयच्या फनीच्या मागं. मी तुझ्या तोंडात धरला, दाबला, पन छाती आत घ्यायलाच तयार नव्हती. शेजारच्यांनी रिक्षा आनली. तुझं डोकं माझ्या मांडीवर, पोरगी खांद्यावर, आनि मी रिक्षावाल्याला सारखी सांगतेय जोरात घे, तो बिचारा जोरातच घेत होता. दवाखान्याच्या पायऱ्यांवर तू गेलास. डॉक्टर बोलले, दम्याचा असा झटका आला की कधी कधी कायच चालत नाय, तुमी वेळेतच आनलं. मी त्यांना परत परत तेच विचारलं आनि त्यांनी परत परत तेच सांगितलं.

आता मंडळाची पोरं तुझ्या नावाचं एक लहान पुस्तक छापतायत. सगळ्यांनी लिहिलंय, हरेश हुशार होता, शांत होता, कोनाशी भांडला नाय. माझ्याकडं आले, बोलले, बाय, तू पन लिव्ह. मी आठवीतून शाळा सोडलेली, मला तसलं लिहायला येत नाय. आनि कोनाशी भांडला नाय हे खोटं हाय, माझ्याशी रोज भांडायचास. म्हनून मी तुझ्याशीच बोलते. ज्याला वाचायचं त्यानं बाजूला बसून ऐकावं.

गेम काय होता ते सांगते, कारन आपल्या सारसोळे गावात सगळ्यांना एवढंच माहीत हाय की हरेश दिवसभर कम्प्युटरवर बसायचा. लहानपनापासून तुला दमा. बाबांनी होडीवर न्यायचा प्रयत्न केला, दमट हवेनं तू आजारी पडलास, मग परत नेला नाय. आय चिडली की टोमना मारायची, होडीवर नाय जात तर नाय, निदान कंपनीत तरी लाग, लोक विचारतात पोरगा काय करतो, मी काय सांगू. तू वाशीला कम्प्युटरचा क्लास केलास, तिथं तुला नझीर भेटला. नझीर रायगडकडच्या मुसलमान घरातला, वाशीला त्याच्या बापाचं दुकान, बोलायला फटाफट. त्यानं जुने पार्ट जमवून तुला कम्प्युटर जोडून दिला आनि तू त्यात समुद्र बनवायला घेतलास.

खाडीच्या या बाजूला एक गाव, त्या बाजूला एक गाव. एक तुझं, एक दुश्मनाचं. गावात मानसं, होड्या, मिठागर, बोंबील वाळवायच्या दोऱ्या, एक बुरूज. होडी मासळी आनते, ती गाव खातं. उरली तर मीठ लावून सुकवायची, ती साठते. जंगलातून लाकूड आनायचं, त्याची नवीन होडी बांधायची, नायतर लढाईचं गलबत. गलबतात शिपाई बसवायचे आनि समोरचा बुरूज पाडायचा. बुरूज पडला की तू जिंकलास.

मी पहिल्या बाळंतपनाला माहेरी आले तेव्हा तुझा हा गेम अडकलेला होता. आयनं माझी खाट तुझ्याच खोलीत टाकली, कारन पंखा तिथं. बाळंतिनीनं सव्वा महिना घराबाहेर पाय टाकायचा नाय. शेकशेगडी, डिंकाचे लाडू, पोरगी रडली की पाजायची, झोपली की भिंतीकडं बघायचं. माझं डोकं फिरायची वेळ आली. तूच एक दिवस बोललास, बाय, बसल्या बसल्या हे धर, आनि माझ्या हातात माऊस दिलास. मी बोलले, मला येत नाय. तू बोललास, येत नाय तेच बरं, ज्यांना येतं त्यांनी माझी वाट लावलीय.

म्हनजे नझीरनं. नझीर यायचा, चपला काढायच्या आधी खुर्चीत बसायचा, पहिलं सगळं लाकूड गलबतांना लावायचा आनि घुसायचा समोर. समोरच्याचं मीठ अजून ओलं, दोरीवर एक बोंबील नाय, तेवढ्यात ह्याचा गेम जिंकून पन झाला. आयनं ठेवलेला चहा गरम असायचा. तू त्याला बोलायचास, अरे एवढं मिठागर केलंय, बघ तरी. तो बोलायचा, कशाला बघू, मिठानं बुरूज पडतो काय?

मग तू गलबत महाग केलंस. लाकूड जास्त, शिपायाला रोज खायला पायजे, नाय दिलं तर तो पळून जातो. तर उलटंच झालं, लढायला कोनी जाईचना. नझीर मीठ काढतोय, मासळी सुकवतोय, परत मीठ काढतोय. बसून बसून बोलला, "भावा, हा गेम हाय का रेशनचं दुकान?" आनि खरंच खुर्चीत झोपला. आय आत डोकावली आनि बोलली, एक झोपला, दुसरा आकडे लिवतोय, छान चाललंय तुमचं.

तुझं सगळं डोकं इथंच खर्च होत होतं. लढाई स्वस्त केली की धंदा मरतो, धंदा खोल केला की लढाई मरते. तू जेवताना हे बोलायचास, पोरीला मांडीवर घेऊन बोलायचास, ती तुझ्याकडं टकामका बघायची. गलबताला थोडं लाकूड कमी कर, परत खेळ. शिपायाचं खानं थोडं वाढव, परत खेळ. इकडं जरा ओढलं की तिकडं फाटतं.

मी लढायचेच नाय, त्याचा तुला राग. माझं गाव बघायला छान होतं. दोऱ्या भरलेल्या, मीठ पांढरं शुभ्र, होड्या जातायत, येतायत. तू मागं उभा राहून तळमळायचास, "लढाई करायची हाय, बाय, संसार नाय." मी बोलायची, लढून काय भेटतं, होडी पन जाते नि मानूस पन. तू बोलायचास, मग समोरचा येईल. मी बोलायची, येऊ दे, जेवून जाईल.

आनि तो आला. तू मला न सांगता नवीन केलं होतंस, गलबत आलं की नुसतं जाळत नाय, साठा उचलून नेतं. माझे सगळे बोंबील गेले. मी एवढी ओरडले की पोरगी दचकून उठली. मेल्यांनी माझे बोंबील नेले, बोलले, आनि होतं नव्हतं ते लाकूड गलबतांना लावलं आनि गेले समोर, आनि माझे नि त्यांचे पन घेऊन आले. मागं बघितलं तर तू हसतोयस. बोललास, लढलीस ना शेवटी? मी बोलले, मी कुठं लढले, मी माझे बोंबील आनायला गेले.

"तेच तर," तू बोललास. "तेच पायजे होतं मला."

त्या दिवसापासून लढाई कशासाठी ते गेममध्ये आलं. बुरूज पाडायचाच, पन आधी समोरच्याचा साठा. ज्याच्याकडं सुकी मासळी त्याचे शिपाई टिकतात, आनि ज्याच्याकडं शिपाई त्याची मासळी टिकते. नझीरनं पन मान्य केलं. पन तरी तो घाईनं घुसला की जिंकायचाच. अजून कायतरी कमी होतं, तुला कळत नव्हतं काय, आनि मला तर बिलकूल कळत नव्हतं.

मग पाऊस आला. मी गेममधला बोलतेय. तू शोभेला म्हनून पाऊस काढला होतास, निळ्या रेघा पडायच्या, खाडी काळी दिसायची, थोड्या वेळानं थांबायचा. मला वाटलं पावसाळा सुरू झाला. मी एकेक करून सगळ्या होड्या किनाऱ्यावर ओढल्या आनि बसले. तू चहा प्यायला गेलेलास. आलास तर माझं गाव उपाशी, मानसं मरतायत, आनि मी शांत. तू बोललास, अगं होड्या वर का घेतल्यास? मी बोलले, पाऊस हाय ना. नारळी पुनवेपर्यंत कोन होडी काढतं?

तू एवढा हसलास, एवढा हसलास, की तुला खोकला लागला आनि पंप घ्यावा लागला. बोललास, बाय, हा पाऊस नुसता दाखवायचा हाय. मी चिडले. दाखवायचा पाऊस कसला? पाऊस हाय तर होडी वर पायजे, नायतर पाऊस काढून टाक. आनि तू कोळ्याचा पोरगा ना, तुला कळत नाय?

तू हसायचा थांबलास. मग पुढं तू माझ्याशी नीट बोललाच नायस, विचारलं की हूं करायचास, जेवन समोर तसंच. मला वाटलं माझं बोलनं लागलं. आनि मग एक दिवस बोललास, आता खेळ. पाऊस खरा झाला होता. पावसात होडी काढली की बुडू शकते, गलबत पन. आनि पावसात मासळीला सोडलं तर नंतर खाडीत दुप्पट येते. पाऊस यायच्या आधी सगळं गाव धावपळीत, लाकूड आलंय तर त्याची होडी करू का गलबत करू, आता घुसू का आता सुकवू, कारन पावसात घुसता येनार नाय आनि साठा नसेल तर गाव जगनार नाय. नझीर पयल्यांदा घुसला नि परत फिरला, मधेच पाऊस लागला, त्याची अर्धी गलबतं गेली. त्यानं तुला आईवरून शिवी दिली, मग माझी माफी मागितली, मग परत खेळायला बसला. त्या दिवशी चहा गार झाला, दादूस. त्यानं प्यायलाच नाय.

मग तू आमा दोघांना कम्प्युटरमध्ये घातलंस. दोन दुश्मन बनवलेस, एकाचं नाव नझीर, एकाचं नाव बाय. नझीर घाई करतो. बाय साठवते, होडी वर घेते, आपनहून कधी जात नाय, पन तिचा साठा नेला की सोडत नाय. आयला सांगितलंस, मी बायला कम्प्युटरमध्ये घातली, तर आय घाबरली, बोलली, ती बाळंतीन हाय, तिला कुठं कुठं नेऊ नको. तू त्या दोघांना एकमेकांवर सोडायचास आनि नुसता बघत बसायचास. मी विचारलं, तू खेळत नायस तर काय करतोस? तू बोललास, बघतोय. कधी तो जिंकला पायजे, कधी ती. एकच सारखं जिंकायला लागलं तर समजायचं गेम मेला.

एक भांडन राहूनच गेलं आपलं. नझीर, खरा आनि कम्प्युटरमधला, दोघं नारळी पुनवेच्या दिवशीच, म्हनजे गेममधला पाऊस संपतो त्याच दिवशी, घुसायला लागले. होड्या त्याच दिवशी पान्यात उतरतात, शिपाई बसलेले नसतात. मी बोलले, हे नाय चालनार, त्या दिवशी समुद्राला नारळ देतात, त्या दिवशी कोन कोनाला मारतं. तू बोललास, गेममध्ये पाप नसतं, बाय. मी बोलले, मग पाऊस कसा असतो? बघतो, बोललास. काय बघितलंस ते मला आता कधी कळनार नाय. तू असतास तर मी हे भांडन सोडलं नसतं, अजून पन मला वाटतं माझंच बरोबर हाय.

आता ती गोष्ट, ज्यासाठी हे सगळं बोलतेय.

वाशीचे एक साहेब आले. कम्प्युटर विकनाऱ्या कंपनीतले, नझीरच्या ओळखीनं. त्यांना नवीन कम्प्युटरबरोबर एक आपल्याकडचा गेम द्यायचा होता, सीडीवर, डब्यावर बनवनाऱ्याचं नाव. मानूस वाईट नव्हता. जमिनीवर बसून आयच्या हातचा चहा प्याला, गेम खेळला, खूश झाला. मग पाऊस लागला आनि ते होड्या वर घेऊन वाट बघायला लागले, आनि त्यांची बोटं टेबलावर वाजायला लागली. बोलले, हरेश, एक नंबर काम हाय, पन हे पावसाचं काढ. पोरं लढायला येतात, वाट बघायला नाय. मीठ पन कमी कर. पाऊस काढलास की मी घेतला. तू बोललास, विचार करतो.

तू विचार करत बसलास. आनि दादूस, मी तुला बोलले, काढून टाक. पाऊस माझ्यामुळं आलेला, तरी मीच बोलले. कारन मी बघत होते, तू किती वर्षं त्या खोलीत बसलायस, कोनाला माहीत नाय. डब्यावर नाव आलं तर आय मार्केटात सांगेल, हा माझा पोरगा. त्या दुपारी पन तेच चाललेलं. मी पोरीला खांद्यावर थोपटत बोलत होते, काढ रे, एवढं काय त्यात, नंतर दुसऱ्या गेममध्ये घाल. तू उत्तर दिलं नायस. स्क्रीनवर नझीर नि बाय लढत होते, पाऊस चालू होता, तू बघत होतास. मग तुझा श्वास अडकला.

आनि मग तू बोललास, ठेव.

मी तेव्हा पोरीला खाली ठेवली. मला वाटलं तेच बोलतोयस, तिला ठेव आनि दोन हातांनी शोध. दवाखान्यातून घरी आले, बायका रडत होत्या, तेव्हा पन मला तेच वाटत होतं. पन कम्प्युटर तसाच चालू राहिलेला, कोनी बंद केला नव्हता. त्यावर पाऊस पडत होता. तेव्हा मला वाटलं, अरे, पाऊस ठेव बोलला काय? मी एवढा वेळ काढ काढ करत होते, त्याचं उत्तर दिलंस काय? का नुसतं, राहू दे, आता गप्प बस, तसं ठेव? मी आयला विचारलं. आय बोलली, "मना कलत नाय त्यातलं. श्वास नव्हता त्याला, तो काय पावसाचं बोलंल?" आयचं पन खरं हाय.

तेराव्यानंतर साहेब परत आले. येनार ते नझीरनं आधी सांगितलेलं, म्हनून आदल्या दिवशी तो घरी आला आनि तुझ्या खुर्चीत बसला. चपला बाहेर काढून बसला. त्यानं मला दाखवलं, पाऊस कुठं लिहिलाय. एकच ओळ हाय, दादूस. तिथं एक आकडा हाय, त्याचं शून्य केलं की पाऊस संपला. मी बोलले, करून बघ तरी. त्यानं केलं, आनि आमी कम्प्युटरमधल्या दोघांना सोडलं, तू सोडायचास तसं.

बायचं गाव जळलं. मीठ सुकलं पन नव्हतं. परत सोडलं, परत जळलं. नझीरनं गलबत महाग करून बघितलं, तर दोघं बसून राहिले, कोनी हललंच नाय. परत होतं तसं केलं, परत बायचं गाव. मी पोरीला पाजत होते आनि बघत होते. मग त्यानं पाऊस परत घातला. एकदा तो जिंकला, एकदा ती, एकदा एवढं लांबलं की आयनं जेवायला हाक मारली. नझीर उठला आनि दारात जाऊन उभा राहिला, पाठ करून. बोलला, बाय, पाऊस काढला की मी सारखा जिंकतोय, मजा नाय यात.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. तुझ्या फोटोला हात जोडले, मनापासून जोडले. बोलले, ताई, त्याच्याच नावानं काढू, आत त्याचा फोटो पन छापू, त्यानं एवढं केलंय ते लोकांपर्यंत गेलं पायजे. फक्त ते पावसाचं काढलेलं द्या, आज कॉपी करायला टाकायचंय. नझीर कम्प्युटरसमोर बसला. आय माझ्या समोर. आय बोलली, "देऊन टाक, पोरी. नाव तरी जाईल त्याचं घरोघर. मी कोनाला काय सांगू तो काय करायचा ते?"

मी आयचं तोंड बघू शकले नाय. नझीर बोलला, बाय, तू बोल, मी करतो. त्याचं बोट तिथंच होतं.

मी बोलले, त्याला हात लावू नको. साहेबांना सांगितलं, पावसासकट घेत असाल तर घ्या, नायतर राहू दे. माझा आवाज असा कापत होता की पोरगी वर बघायला लागली. साहेब रागावले नायत. बोलले, ताई, तुमी घाबरलायत, आत्ता सांगू नका, विचार करा. मी बोलले, मी घाबरलेलीच हाय, नंतर पन घाबरलेलीच राहीन. ते परत हात जोडून गेले. दुसरा गेम घेतला त्यांनी, नझीरनं सांगितलं.

तू तसंच बोललास म्हनून मी केलं, असं मी कोनाला सांगत नाय. मला खात्री नाय. बायचं गाव परत परत जळताना बघितलं आनि मला ते बघवलं नाय, एवढंच खरं. तू असतास तर कदाचित बोलला असतास, येडी हायस, गेम हाय तो. नायतर हसला असतास. ह्यातलं काय केलं असतंस ते मी रोज मनात करून बघते आनि रोज वेगळं येतं.

तुला एक कधी बोलले नाय. तो सव्वा महिना मला घाबरायला झालं होतं, दादूस. पोरगी एवढीशी, रडली तर का रडते कळायचं नाय, हातातून पडेल वाटायचं, मरेल वाटायचं. तू माऊस दिलास तेव्हा पयल्यांदा मी एवढ्या दिवसांत कुठल्या दुसऱ्या गोष्टीला घाबरले. माझे बोंबील जातील म्हनून घाबरले. किती बरं वाटलं ते तुला सांगायला पायजे होतं.

आय माझ्याशी बोलते, पन कामापुरतं. पोरीला न्हाऊ घालते, मला वाढते, माझ्याकडं बघत नाय. बाबा कायच बोलत नायत, पन ते आधी पन नव्हते बोलत. कोपरखैरण्याहून पोरीचा बाप न्यायला येनार हाय. मी गेले की खोलीत कोन नसेल. तुझा गेम ह्या एका कम्प्युटरमध्ये हाय आनि नझीरकडं एका फ्लॉपीत. डब्यावर तुझं नाव कुठंच नाय. ते मी केलं.

आता जे वाचतायत त्यांना विचारते, कारन दादूस उत्तर देनार नाय आनि आय देत नाय. तुमी माझ्या जागी असता, पोरगी मांडीवर, समोर आय, पोराचं नाव मागतेय, दुसरं कायच मागत नाय, साहेब घड्याळ बघतोय, नझीरचं बोट त्या आकड्यावर, आनि तुमच्याकडं तुमच्या भावाचा एकच शब्द, तो पन कशाबद्दल होता ते माहीत नाय. तुमी नझीरला काय सांगितलं असतं?